दम वाढवायचाय? राउंड पुरे, चार मिनिटांचा सराव धरा

पोरं सरावाला आली की पहिला हुकूम ठरलेला: मैदानाला दहा राउंड. एका लयीत, गप्पा मारत. पण फुटबॉल कुठे एका लयीत खेळतात? झेप, थांबणं, मागे येणं, पुन्हा झेप. दोन झेपांमध्ये दम किती लवकर परत येतो, यावर शेवटची वीस मिनिटं ठरतात. त्यासाठी हृदयाने एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकावं लागतं, आणि ते रमतगमत धावून फारसं होत नाही.

नॉर्वेतल्या १८ वर्षांच्या आसपासच्या फुटबॉलपटूंवरचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे त्यांनी चार-चार मिनिटांच्या जोरदार धावा केल्या. ऑक्सिजन वापरण्याची त्यांची कमाल क्षमता किलोमागे मिनिटाला ५८.१ मिलिलिटरवरून ६४.३ वर गेली. सामन्यात ते सुमारे २० टक्के जास्त अंतर धावले.

१. आधी चौकशी. धावताना छातीत दुखतं का, कधी चक्कर येऊन पडलाय का, घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलंय का, हे विचारा. एकालाही ‘हो’ आलं तर आधी डॉक्टर. ताप येऊन गेलेल्या पोराला आग्रह नको.

२. आजचा दम मोजा. फक्कीने २० मीटरवर दोन रेघा मारा आणि मोबाईलवर बीप टेस्ट लावा: प्रत्येक बीपच्या आत समोरची रेघ गाठायची, जमेनासं झालं की थांबायचं. वेग ताशी ८.५ किलोमीटरपासून सुरू होतो आणि दर मिनिटाला अर्ध्या किलोमीटरने वाढतो. कोण कुठे थांबला ते वहीत लिहा.

३. चार वेळा चार मिनिटं. दहा-पंधरा मिनिटं वॉर्म-अप, मग चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू धावणं, असं चारदा. जोर किती? शिट्टी वाजताच दोन बोटं मानेवर ठेवून दहा सेकंद ठोके मोजायला लावा. सोळा वर्षांच्या पोराचे साधारण ३० भरले पाहिजेत. हा अंदाज आहे, प्रत्येकाचं हृदय वेगळं. त्याहून खात्रीची खूण: चौथं मिनिट संपताना ‘अजून एक मिनिट जमलं असतं’ असं वाटलं पाहिजे.

पहिल्या दिवशी हमखास काय होतं सांगतो. सगळ्यात उत्साही पोरगा पहिली धाव शर्यतीसारखी पळतो आणि तिसऱ्या धावेला गुडघ्यांवर हात टेकून उभा राहतो. त्याला ओरडू नका. पहिली धाव मुद्दाम आवरून धावायला लावा. आणि मधल्या तीन मिनिटांत कुणी बसायचं नाही.

४. चेंडू आणा. दोनपैकी एक दिवस धावण्याऐवजी छोट्या मैदानावर चार विरुद्ध चार खेळवा, वेळ तीच. गोलकीपर नको, कडेला जादा चेंडू ठेवा, म्हणजे खेळ थांबत नाही. तेरा वर्षांखालच्यांना तर एवढंच द्या. त्यांच्या हाती घड्याळ देण्याची मला घाई वाटत नाही.

५. दिवस ठरवा. शनिवारी सामना असेल तर सोमवार आणि बुधवार. सामन्याच्या आदल्या दिवशी कधीच नाही. एप्रिल-मेमध्ये ऊन चढायच्या आत सराव उरका, पाणी जवळ ठेवा. उंची झपाट्याने वाढणारा पोरगा गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखतंय म्हणाला, तर ते खरं माना आणि त्याचा सराव कमी करा.

आठ आठवड्यांनी त्याच मैदानावर, त्याच वेळी पुन्हा बीप टेस्ट घ्या. प्रत्येकाला त्याचा स्वतःचाच जुना आकडा दाखवा, शेजारच्याचा नको.