श्वास मोजा, श्वास द्या: गर्द, गोळ्या किंवा सिरपचा ओव्हरडोस झाला तर काय करायचं

मे महिन्यात सोलापुरात पारा 43-44 पर्यंत जातो. अशा दुपारी सिद्धेश्वर तलावाच्या कडेला किंवा बंद दुकानाच्या पायरीवर कुणी आडवं पडलेलं दिसलं, की बघणारा मनात म्हणतो, ऊन लागलं असेल, नाहीतर जास्त झाली असेल. आणि पुढे जातो. तिसरी शक्यता कुणाच्या लक्षात येत नाही, आणि तिच्यातच हाताशी वेळ सगळ्यात कमी असतो: अफूच्या कुळातल्या नशेचा किंवा औषधाचा ओव्हरडोस.

या कुळात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, आहेच. शिवाय कोडीनचं खोकल्याचं सिरप, ट्रामाडॉल आणि टॅपेंटाडॉलच्या गोळ्या, ब्युप्रेनॉर्फिनचं इंजेक्शन, कॅन्सरच्या रुग्णाला लिहून दिलेलं मॉर्फिन आणि अंगावर चिकटवायचा फेंटॅनिलचा पॅचही येतो. मात्रा जास्त झाली की ही सगळी मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंद करतात. माणूस झोपल्यासारखा दिसतो, श्वासांमधलं अंतर वाढत जातं आणि शेवटी श्वास थांबतो. मग हृदय थांबतं. पूर्ण श्वास थांबल्यावर चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा व्हायला लागते. म्हणून या प्रसंगात सगळी धडपड श्वासासाठी करायची, बाकीचं नंतर.

ओळखायचं कसं

नाव घेऊन जोरात हाक मारा. उठला नाही तर मूठ वळून बोटांचे सांधे छातीच्या मधल्या हाडावर पाच-दहा सेकंद जोरात घासा. हे चांगलंच दुखतं. झोपलेला किंवा नुसता प्यायलेला माणूस निदान हात झटकतो, कुरकुरतो. काहीच केलं नाही तर श्वास बघा.

आपल्याकडे जुनी माणसं नाकाशी कापूस किंवा सुताचा धागा धरतात. धागा हलला की म्हणतात, "आहे, आहे, श्वास आहे," आणि सगळे निर्धास्त होतात. घात होतो तो इथेच. धागा मिनिटाला चार वेळा हलला तरी हलतोच! म्हणून हात पोटावर ठेवा, मोबाईलचं घड्याळ लावा आणि अर्धा मिनिट श्वास मोजा. एरवी सहा ते दहा भरतात. पाच किंवा त्याहून कमी भरले तर धोका आहे. पूर्व भागातल्या कारखान्यात माग चालू असेल तर श्वास ऐकू येणारच नाही. कुणाला तरी माग बंद करायला सांगा आणि तोवर नजर पोटावरच ठेवा.

घोरण्याचा आवाज ऐकून "झोपलाय, झोपू द्या" म्हणू नका. हाक मारूनही न उठणाऱ्या माणसाची घरघर म्हणजे जीभ मागे पडून श्वासाची वाट अडते आहे. ओठ बघा. सावळ्या कातडीवर निळेपणा पटकन कळत नाही, म्हणून खालचा ओठ उलटून आतली बाजू, हिरड्या आणि नखं बघा. राखाडी किंवा निळसर दिसतात. पापणी वर करा: बुबुळाच्या मधला काळा ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा झालेला असतो. मात्र ट्रामाडॉल किंवा मिसळलेली नशा असेल तर ठिपका मोठाही राहतो, त्यामुळे निवाडा श्वासावरच करायचा. उष्माघातात बहुधा उलटं चित्र असतं: अंग भाजतं, श्वास भरभर चालतो, नाडी धावते.

लगेच करायचं

108 लावा, फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवा. "माणूस बेशुद्ध आहे, श्वास नीट घेत नाही," हे वाक्य आधी सांगा. काय घेतलं ते माहीत असेल तर मग सांगा. पत्ता खुणेसकट द्या. विडी घरकुल वसाहतीत एकसारख्या गल्ल्यांत गाडी चुकते, तेव्हा एका पोराला कोपऱ्यावर उभं करा. घरातल्या मोठ्यांना तेलुगू किंवा कानडीच सोयीची असेल, तर फोन मराठी-हिंदी सफाईने बोलणाऱ्याच्या हातात द्या.

त्याला पाठीवर, कडक जागेवर झोपवा. तोंडात तंबाखू, गुटखा, उलटी दिसत असेल तर मान एका अंगाला वळवून बोटाने काढा. न दिसणाऱ्या गोष्टीसाठी घशात बोटं घालू नका. एक हात कपाळावर, दुसऱ्या हाताची दोन बोटं हनुवटीखाली, आणि डोकं मागे झुकवा. एवढ्यानेच कधी कधी घरघर थांबते आणि श्वास सुधारतो.

श्वास संथच राहिला तर तोंडाने श्वास द्या. नाक चिमटीत धरा, आपलं तोंड त्याच्या तोंडावर घट्ट बसवा आणि एक सेकंद फुंका. छाती वर आली पाहिजे. आली नाही तर बहुतेक वेळा डोकं पुरेसं मागे गेलेलं नसतं किंवा नाकातून हवा निसटत असते. पोट फुगतंय असं दिसलं तर फुंक जास्त जोराची आहे. हळू फुंका, नाहीतर उलटी होते. आधी दोन श्वास, मग दर 5 सेकंदांनी एक. मनात "एक हजार एक, एक हजार दोन" असं मोजलं की ठेका चुकत नाही. संकोच वाटत असेल तर मध्ये पातळ सुती रुमाल घ्या. संसर्गापासून पूर्ण बचाव होत नाही, पण हवा जाते.

श्वास अजिबातच नसेल, किंवा मासा पाण्याबाहेर काढल्यावर जसा तोंड उघडतो तशी अधूनमधून आचके दिल्यासारखी हालचाल असेल, तर छाती दाबायला घ्या. छातीच्या मध्यावर तळहाताची टाच, मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल. 30 दाब, 2 श्वास, पुन्हा 30. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण थकलेला हात उथळ दाबतो आणि दाबणाऱ्याला ते कळत नाही.

नॅलोक्सोन

याच कुळावर उतारा म्हणून चालणारं हे औषध आहे. ज्यांच्यासमोर ओव्हरडोस घडू शकतो अशा लोकांना ते मिळावं आणि वापरायला शिकवावं, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्येच केली. आपल्याकडे ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं आणि मुख्यतः दवाखान्यात, इंजेक्शनच्या रूपात वापरलं जातं. घरात व्यसन असलेला माणूस असेल किंवा मॉर्फिनवरचा रुग्ण असेल, तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा आणि टोचायचं कसं ते त्यांच्यासमोर शिकून घ्या.

1 मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या कुपीत, साधारण 0.4 मिलिग्रॅम औषध असतं. लेबल वाचून खात्री करा. कुपीच्या मानेत अडकलेला द्रव टिचकी मारून खाली आणा, कापूस धरून मान मोडा, सगळं औषध सिरिंजमध्ये ओढा आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत सुई सरळ खुपसा. घाईत पातळ पँटवरून टोचलं तरी चालतं. मग श्वास देत राहा. टोचून नुसतं बघत बसणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. 2-3 मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरा डोस. ब्युप्रेनॉर्फिनवर जास्त मात्रा लागू शकते, आणि ट्रामाडॉलवर उतारा अर्धवटच पडतो, फिटही येऊ शकते. दारू, झोपेच्या गोळ्या आणि शिंदीत मिसळलेली गुंगीची पावडर यांवर त्याचा उपयोग नाही. पण शंका असेल तर दिल्याने फारसं बिघडत नाही.

नॅलोक्सोनचा असर 30 ते 90 मिनिटं टिकतो. पोटातली गोळी त्याहून जास्त वेळ काम करू शकते. म्हणजे उठून बसलेला माणूस तासाभराने पुन्हा गप्प होऊ शकतो. उठल्यावर तो चिडतो, ओकतो, घामाघूम होतो आणि पुन्हा नशा मागतो. ती देऊ नका, एकटं सोडू नका, सिव्हिल हॉस्पिटलला न्याच. ॲम्प्यूल गाडीच्या डिकीत ठेवू नका. आपल्या उन्हात औषध खराब होतं. घरात सावलीच्या, थंड जागी ठेवा.

हे करू नका

कांदा किंवा चप्पल हुंगवणं, मिठाचं पाणी पाजून ओकवणं, लिंबू-ताक पाजणं, अंगावर बादली ओतणं, दोघांनी खांद्याला धरून चालवणं: यात मोलाची मिनिटं जातात. शिवाय बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं काहीही फुप्फुसात उतरू शकतं. श्वास नीट सुरू झाला की कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून पुढे टेका, वरचा हात गालाखाली ठेवा. उलटी झाली तरी बाहेर पडेल.

पोलिसांच्या भीतीने सोबतचे मित्र पळतात, आणि माणूस एकटा पडतो. सिव्हिलमध्ये एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद होऊ शकते, हे खरं. पण जीव वाचवण्याचे उपचार नोंदीसाठी थांबवायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलं आहे. डॉक्टरांना खरं सांगा: काय घेतलं, किती, किती वाजता, सोबत दारू होती का. रिकामी पाकिटं आणि बाटली खिशात घालून न्या.

कुणावर जास्त लक्ष ठेवायचं

व्यसनमुक्ती केंद्रातून, तुरुंगातून किंवा मोठ्या आजारपणातून परतलेल्यावर सगळ्यात जास्त. महिनाभराच्या खंडाने शरीराची सवय मोडलेली असते. जुनी मात्रा घेतली की तीच जास्त होते. दुसरा धोका मिश्रणाचा: सिरपवर दारू, गोळीवर "बटन", म्हणजे गुंगीची गोळी. नशा न करणारी घरंही यातून सुटलेली नाहीत. आजीच्या गुडघ्यासाठी आणलेली ट्रामाडॉलची पट्टी नातवाच्या हाती लागते. फेंटॅनिलचा पॅच लावलेल्या रुग्णाला ताप आला किंवा तो उन्हात बसला, तर पॅचमधून औषध जास्त वेगाने अंगात शिरते; दुपारी अशा रुग्णाचे श्वास मोजा. काढलेल्या पॅचमध्येही औषध उरलेलं असतं. चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका.

व्यसन असलेल्या माणसाला बाथरूमची कडी आतून लावू नकोस, असं सांगून ठेवा. दार फोडण्यात वेळ जातो. तो मदत घ्यायला तयार असेल तर व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाईन 14446 आहे. नंबर त्याच्याही मोबाईलमध्ये घालून द्या.