सात पेटलेले, एक विझलेला

भाच्याच्या डिप्लोमा प्रोजेक्टमध्ये ७४एलएस१३८ डिकोडर होता, म्हणजे ए-बी-सी या तीन इनपुटांवरून आठपैकी एक आउटपुट निवडणारी चिप. आयसी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेला, त्यामुळे "मामा, डुप्लिकेट दिलाय" असा त्याचा निकाल आधीच लागलेला. ब्रेडबोर्डवर आठपैकी सात एलईडी मिणमिणत होते आणि इनपुट बदललं की विझलेला तेवढा पुढे सरकत होता. आयसी बाद असता तर इतक्या शिस्तीत सरकला नसता.

डेटाशीटचं, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकाचं, पहिलं पान बहुतेक जाहिरातच असते. ते सोडून थेट ट्रुथ टेबल उघडलं, म्हणजे कोणत्या इनपुटला कोणतं आउटपुट येतं त्याचा तक्ता. त्यात आधी एक्सवाल्या ओळी वाचाव्यात. एक्स म्हणजे तिथे ० असो वा १, फरक पडत नाही. पिन ६ लो (०) असेल, किंवा ४ आणि ५ पैकी कोणतीही हाय (१) असेल, तर ए-बी-सीला कोणी विचारत नाही. आठही आउटपुट हाय. या तीन पिनांनी चिप चालू, म्हणजे एनेबल, झाल्यावरच्या ओळींत मात्र सात 'एच' (हाय) आणि तिरपा उतरत जाणारा एकच 'एल' (लो). म्हणजे निवडलेलं आउटपुट लो होतं. आकृतीत त्या पिनांपाशी असलेले बारीक गोल हेच सांगतात.

मिणमिणण्याचं उत्तर करंटच्या तक्त्यात होतं, जो व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) आदल्या रात्रीसुद्धा कोणी उघडत नाही. आउटपुट हाय असताना हमी फक्त ०.४ मिलिअँपिअर बाहेर द्यायची, लो असताना ८ मिलिअँपिअर आत ओढायची. भाच्याचे एलईडी हाय आउटपुटवर पेटत होते. म्हणून एलईडी उलटे केले: कॅथोड (ऋण पाय) आउटपुटला, अ‍ॅनोड (धन पाय) ४७० ओहमच्या रेझिस्टरमधून ५ व्होल्टला. सुमारे साडेपाच मिलिअँपिअर, लख्ख. एका वेळी एकच पेटतो, त्यामुळे आठांना मिळून एक रेझिस्टर पुरला.