अळणी पाणी गोठवायचं, पण आधी गार करायचं

आमच्याकडे मटण शिजलं की रश्श्याच्या आधी वाटीत अळणी पाणी पडतं, म्हणजे मटण ज्यात शिजलं ते पाणी. नावाला अळणी, मीठ असतंच. तिखट नसतं एवढंच. सासरे होते तोवर त्यांना रस्सा नकोच असायचा. कडक भाकरी चुरून त्या पाण्यात टाकायचे आणि ती पुरती मऊ पडायच्या आत संपवायचे. आता घरात आम्ही दोघंच, मुलगा पुण्याला. म्हणून मी महिन्यातून एकदा नुसत्या नळ्या आणि मानेचे तुकडे आणते, एकदमच अळणी काढते आणि गोठवून ठेवते.

काढायची रीत फार सांगत नाही, ती प्रत्येकीची आपली असते. माझ्या पाच लिटरच्या कुकरमध्ये एक किलो हाडं आणि दोन लिटर पाणी बसतं. कुकर दोन-तृतीयांशाच्या वर भरायचा नाही. हळद, ठेचलेलं आलं-लसूण, एक कांदा, कोथिंबिरीचे देठ. पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून पाऊण तास. मीठ मात्र चिमूटभरच, किंवा टाकूच नका. पुढे हे पाणी आटवलं तर मीठ त्यातच राहतं आणि रस्सा खारट होतो.

खरी गोची इथून पुढे आहे. पहिल्या वर्षी मे महिन्यात मी रात्री साडेदहाला गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि सकाळी गार झालं की भरू म्हणून झोपले. सहा वाजता झाकण काढलं तर कडेने बारीक बारीक फेस आणि आंबूस वास. पातेल्याला हात लावला, तळ अजून कोमट. तीन लिटर पाणी होतं. जाऊबाई म्हणाल्या, "अगं एक उकळी काढ की, काय होतंय!" मी मोरीत ओतून दिलं. जीव हळहळला, पण ओतलं.

उकळी काढून का चालत नाही, ते सांगते. शिजवताना बहुतेक जिवाणू मरतात, पण काहींचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. पाणी कोमट झालं की त्यांना रान मोकळं. 60 अंशांपासून 5 अंशांपर्यंतचा टप्पा त्यांच्या वाढीचा, आणि काही जिवाणू अन्नात जे विष सोडतात ते पुन्हा उकळूनही जात नाही. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये असा नियम आहे, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात रात्री दहालाही तेवढा उकाडा असतो. म्हणजे सोलापूरकरांनी एकच तास धरायचा.

आता गार कसं करायचं? नळाखाली धरा असं जिथेतिथे सांगतात. सांगणाऱ्यांनी एप्रिलमध्ये आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी हातावर घेऊन बघावं. त्यात चहाची भुकटी टाकायची तेवढी बाकी असते! मी आदल्या दिवशी लिटरच्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या पाऊण भरून फ्रीजरमध्ये टाकते. अळणी गाळून झालं की पातेलं मोठ्या परातीत ठेवते आणि परातीत माठातलं पाणी ओतते. पळीने ढवळत राहायचं, नुसतं ठेवून दिलं तर मधलं पाणी तापलेलंच राहतं. पाच मिनिटांत परातीतलं पाणी अंगाला लागेल इतकं गरम होतं. ते बदलायचं आणि दुसऱ्या पाण्यात त्या गोठलेल्या बाटल्या आडव्या टाकायच्या. आमच्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे पहिलं पाणी मी फेकत नाही. तुपाची, चरबीची भांडी त्याने छान निघतात. अर्ध्या-पाऊण तासात पातेलं हाताला कोमट लागतं. मग पसरट डब्यांत, दोन-तीन बोटं उंचीचं, ओतून फ्रीजमध्ये. खोल डब्यात मध्यभाग उशिरा गार होतो. वाफाळतं पातेलं तसंच फ्रीजमध्ये कोंबू नका, शेजारचं दूध आणि दही तापतं.

रात्रभर फ्रीजमध्ये राहिलं की सकाळी वर पांढरट चरबीचा पापुद्रा येतो. चमच्याच्या टोकाने एका कडेला टोचला की अख्खा तवंग चकतीसारखा उचलला जातो. तो काढाच, कारण फ्रीजरमध्येही चरबी हळूहळू खवट होते आणि सगळ्या पाण्याला वास लावते. चरबी टाकून देऊ नका, दोन दिवसांत कांदा परतायला वापरा. खाली जे उरतं ते डबा हलवला की खरवसासारखं थरथरतं. पहिल्यांदा बघून मला वाटलं हेही नासलं. नासलेलं नसतं, हाडांतलं आणि सांध्यांतलं जिलेटिन थिजलेलं असतं. गरम केलं की पुन्हा पाणी.

फ्रीजर लहान असेल तर आटवा. थरथरतं पाणी पातेल्यात घेऊन झाकण न ठेवता उकळत ठेवायचं, दोन लिटरचं अर्धा-पाऊण लिटर करायचं, वरच्या रीतीने पुन्हा गार करायचं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये भरायचं. माझ्या ट्रेच्या एका खणात दोन मोठे चमचे बसतात, म्हणजे 30 मिली. डाळीच्या आमटीला दोन वड्या, भाताला चार. वड्या घट्ट झाल्या की ट्रेमधून काढून पिशवीत. ट्रेमध्येच उघड्या राहिल्या तर कोरड्या पडतात आणि फ्रीजरचा वास ओढतात.

न आटवता ठेवायचं तर झिपच्या जाड पिशवीत अर्धा लिटर. हवा काढायची, पिशवी स्टीलच्या ताटात आडवी ठेवायची. गोठल्यावर वह्यांसारख्या उभ्या रचता येतात. काचेच्या बरणीत मी ठेवत नाही. पाणी गोठताना जवळजवळ 9 टक्के फुगतं आणि निमुळत्या गळ्याची बरणी हमखास तडकते. स्टीलचा डबा चालतो, वर दोन बोटं जागा सोडून.

पिशवी भरण्याआधी तिच्यावर नाव आणि तारीख लिहा, गार ओल्या पिशवीवर पेन उठत नाही. नाव कशाला, असं मलाही वाटायचं. होळीच्या पुरणाचा कटही मी अशाच वड्या करून ठेवते, आणि गोठल्यावर कट आणि अळणी अगदी जुळी भावंडं दिसतात. शेजारच्या काकू लिंगायत, घरात कधी अंडंही नाही. त्या जेवायला बसणार होत्या आणि मी आमटीसाठी पातेल्यात दोन वड्या टाकल्या. विरघळताना वर तेलाचे बारीक गोल डोळे तरंगले. कटाला असे डोळे येत नाहीत! गॅस बंद केला, ते पातेलं बाजूला सारलं आणि दुसऱ्या भांड्यात नवी आमटी टाकली. काकूंना सांगूनही टाकलं. त्या हसल्या, पण त्या दिवशी ताक-भातच खाल्ला. तेव्हापासून कटाचा डबा वेगळा, आणि त्याला लाल झाकण.

फ्रीजमध्ये अळणी तीन दिवस. फ्रीजरमध्ये, म्हणजे उणे 18 अंशांना, तीन महिने चव चांगली राहते. जुन्या एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात तेवढी थंडी मिळेलच असं नाही, तिथे महिन्यात संपवा.

वीज गेली तर फ्रीजर उघडून बघायचा मोह आवरा. बंद दारात भरलेला फ्रीजर दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. आम्ही गावाला जाताना वाटीभर पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवून जातो. परत आल्यावर नाणं वर असेल तर ठीक. तळाला गेलं असेल तर मागे सगळं वितळून पुन्हा गोठलंय, टाकून द्या.

गरम करायला आधी वितळवत बसू नका, ओट्यावर तर नकोच. पिशवी मिनिटभर पाण्यात बुडवली की लादी सुटते. पातेल्यात अर्धी वाटी पाणी, त्यावर लादी, झाकण, गॅस बारीक. सगळं वितळलं की आच मोठी करून खळखळून उकळी येऊ द्या आणि मिनिट-दोन मिनिटं ती तशीच ठेवा. पाणी गढूळ दिसलं तर घाबरू नका. मीठ, लिंबू, कोथिंबीर सगळं आता. रस्सा करायचा असेल तर भाजलेलं खोबरं, कांदा आणि काळं तिखट परतून त्यावर हे उकळतं पाणी. वाटण घालून गोठवलं तर खोबरं वेगळं पडतं. मायक्रोवेव्हमध्ये करत असाल तर काचेच्या भांड्यात, आणि मध्ये दोनदा ढवळा, कारण कडा उकळत असताना मधे बर्फ असतो. लागेल तेवढंच काढा. तापवलेलं पुन्हा फ्रीजरमध्ये घालू नका.

मुलासाठी चार लाद्या हुतात्मा एक्सप्रेसने जातात, कोणी ना कोणी जाणारं असतंच. एकमेकींना चिकटवून, चार पदरी वर्तमानपत्रात गुंडाळून, वर आपला सोलापुरी टर्किश टॉवेल घट्ट. चार तासांत कडा पाझरतात, मध्य टणक असतो. त्याला सांगून ठेवलंय, हाताला आत बर्फ लागला तर पुन्हा फ्रीजरमध्ये टाक, नाही लागला पण पाणी अजून गारढोण असलं तर फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत पी, कोमट झालं असेल तर ओतून दे. ते तो ऐकतो. टॉवेल तेवढा परत आणत नाही, आतापर्यंत पाच गेले.