लाइपझिगला बाख ऐकायला जाताय? मग आधी एवढं उरकून घ्या

जर्मनीतल्या लाइपझिग शहरात जूनमध्ये बाखफेस्ट, म्हणजे अठराव्या शतकातला संगीतकार बाख याच्या संगीताचा महोत्सव असतो, तिथे जायचं पक्कं असेल तर पहिलं काम तिकिटाचं, आणि ते मे महिन्यावर ढकलायचं नाही, बुकिंग उघडलं की लगेच बसायचं, कारण जगभरातून लोक येतात आणि पुढच्या रांगा बघता बघता संपतात. पण पैसे भरायच्या आधी प्रोग्रॅम नीट वाचा हं. बाखचं नाव दिसलं म्हणजे झालं असं नाही. तोच कॉन्चेर्टो (वाद्यांसाठी बांधलेली, बऱ्याचदा तीन भागांची रचना) आजच्या वाद्यांचा मोठा ऑर्केस्ट्रा पण वाजवतो आणि त्या काळच्या वाद्यांवर वाजवणारे ग्रुप पण वाजवतात, आणि ऐकताना दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक. आपल्याला दुसरा हवाय. वर्णनात 'हिस्टोरिशे इन्स्ट्रुमेंटे' (जर्मनमध्ये जुन्या काळची वाद्यं) असं काही लिहिलंय का बघायचं, नाहीतर ग्रुपचं नाव बघायचं. 1982 साली पूर्व बर्लिनमध्ये सुरू झालेली अकाडेमी फ्युअर आल्टे म्युझिक, फ्रायबुर्गचा बारोक (म्हणजे बाखच्या काळच्या संगीताचा) ऑर्केस्ट्रा, इंग्लंडची 1973 पासूनची अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक, यातलं कोणी कुठेही वाजवत असेल तर डोळे झाकून तिकीट काढा.

सीटवर मात्र कंजुषी नको, बाकी हॉटेल साधं घ्या हवं तर. व्हायोलिन-चेलोला स्टीलच्या नाही, तातीच्या तारा असतात, म्हणजे मेंढीच्या आतड्याच्या, त्यांचा आवाज गोड आणि थोडा खरखरीत पण लहान. हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं कीबोर्ड वाद्य) तर लांबून नुसतं किणकिणतं. त्यामुळे छोटा हॉल असेल तर तोच घ्या, जुन्या बोर्सच्या (व्यापाऱ्यांच्या बाजाराच्या) इमारतीतला वगैरे. टॉमास चर्चचं (बाख जिथलं संगीत सांभाळायचा, ते) तिकीट काढताना सीटचा नकाशा उघडून बघाच, कारण तिथे वादक बऱ्याचदा पश्चिमेच्या वरच्या सज्जात असतात आणि तुम्ही अल्टारकडे तोंड करून बसलात तर सगळं संगीत पाठीमागून येतं! स्वस्त तिकिटांत समोर खांब पण येऊ शकतो. बाजूच्या गॅलरीत मिळालं तर सोडू नका.

मग कानांची तयारी, आठवडाभर आधी, रोज अर्धा तास पुरे. ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो सहा आहेत, बाखने 1721 च्या मार्चमध्ये मारग्राफ (जर्मन सरदार) क्रिस्टियान लुडविगला अर्पण केलेले. मी म्हणेन तिसऱ्यापासून सुरुवात करा. तीन व्हायोलिन, तीन व्हायोला, तीन चेलो आणि खाली बास, आणि मधला संथ भाग कागदावर फक्त दोन कॉर्ड्सचा (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर)! तिथे कोणी नुसते ते दोन कॉर्ड वाजवून पुढे जातं, कोणी व्हायोलिनवर किंवा हार्पसिकॉर्डवर जागेवरच थोडं रचून वाजवतं, म्हणून दोन-तीन रेकॉर्डिंग्ज लावून तेवढंच ऐका. मग पाचवा, त्यात पहिल्या भागाच्या शेवटी बाकी सगळे गप्प बसतात आणि हार्पसिकॉर्ड एकटं 65 बार (बार म्हणजे ठराविक मात्रांचा तुकडा) सुटतं, एरवी ते मागे साथ करणारं वाद्य. मग दुसरा, ट्रम्पेटवाला. त्या काळच्या ट्रम्पेटला व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायच्या कळा) नव्हते, सगळे सूर ओठांनी काढायचे, त्यामुळे वरचा एखादा सूर फाटला तर नाक मुरडू नका. लाइपझिगमध्ये बाखचा मुख्य ट्रम्पेटर गॉटफ्रीड रायखं 1734 च्या ऑक्टोबरमध्ये राजासमोर मशालींच्या उजेडात वाजवून आला आणि दुसऱ्याच दिवशी गेला, दम लागला आणि धूर छातीत गेला म्हणून, असं तेव्हाच लिहून ठेवलेलं आहे.

घरी पेटी असेल तर अजून एक करा. आजचा 'ए' (पेटीवरची पांढरी सहा) 440 हर्ट्झचा, पण हे ग्रुप जर्मन बारोकसाठी बहुतेक 415 ला मिळवतात. म्हणजे त्यांची पांढरी सहा आपल्या पेटीवरच्या काळी चारवर येते. रेकॉर्डिंगबरोबर दाबून बघा, बरोब्बर जुळतं (आणि पेटीवर सा-प धरायची सवय असेल तर हे पाच मिनिटांत कळतं, पुस्तकं वाचायला नकोत).

बॅगेत एक पातळ उशी टाका, चर्चचे बाक लाकडी असतात. जून असला तरी दगडी चर्चमध्ये गार वाटतं, शाल किंवा स्वेटर हवाच. खोकल्याच्या गोळ्या कागद काढून डबीत ठेवा, तो चुरचुर आवाज हार्पसिकॉर्डपेक्षा मोठा येतो. कपडे साधे चालतात, कोणी कोट-टाय बघत नाही. छोटी दुर्बीण असेल तर घ्याच, कारण बघायला खूप आहे, चेलोला खाली टेकायची दांडी नसते, तो पोटऱ्यांमध्ये धरतात, व्हायोलिनला हनुवटीचा टेका नसतो आणि गज बाहेरच्या बाजूला वाकलेला असतो. मध्येच थांबून सगळे वाद्यं मिळवतील, हवेतल्या दमटपणाने तातीचा सूर हलतो, तबलजी मैफलीत हातोडी काढतो तसंच आहे, तेव्हा घड्याळ बघू नका. आणि एक भाग संपला की टाळ्या नाहीत, पूर्ण कॉन्चेर्टो संपल्यावर.

तिकीट मिळालंच नाही तरी जा. शाळांच्या सुट्ट्या सोडून शुक्रवारी संध्याकाळी टॉमास चर्चमध्ये मोटेट (चर्चमधलं समूहगान) असतं, मुलांचा कॉयर गातो, पैसे अगदी नाममात्र, लवकर जाऊन रांगेत उभं राहायचं. बाखची समाधी तिथेच, 1950 पासून. झिमरमानचं कॉफी हाऊस मात्र शोधत बसू नका, जिथे 1729 पासून बाखचा कोलेगियुम म्युझिकुम (विद्यार्थी वादकांचा गट) वाजवायचा, ती इमारत 1943 च्या बॉम्बहल्ल्यात गेली. त्यापेक्षा चर्चसमोरच्या बाख म्युझियममध्ये दोन तास काढा, हाउसमानने काढलेलं बाखचं 1748 चं पोर्ट्रेट तिथे आहे. सोमवारी बंद असतं, म्हणजे वीकेंडला येणाऱ्यांनी शनिवारी सकाळीच उरकून टाकलेलं बरं.