डॉगफाइटमध्ये इंजिन बसतंय? या चुका टाळा

विमानाला एकही गोळी लागलेली नाही, मागे कोणी नाही, तरी चढता चढता इंजिन खडखडायला लागतं आणि पंखा थांबतो. 'आयएल-2 ग्रेट बॅटल्स' किंवा 'डीसीएस' या विमान उडवण्याच्या संगणकावरच्या सिम्युलेटर खेळांत (सिममध्ये) दुसऱ्या महायुद्धातली विमानं सगळी मदत बंद करून उडवायला घेतली, की ही वेळ ठरलेली. पहिला संशय सिममधल्या बगवर जातो. पण बहुतेक वेळा इंजिनाने बराच आधी इशारा दिलेला असतो, फक्त तेव्हा नजर शत्रूच्या शेपटीवर असते.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे थ्रॉटल (ताकदीची दांडी) किती पुढे आहे यावरून ताकद मोजणं. मोजायचं ते मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब. अमेरिकन विमानांत ते पाऱ्याच्या इंचांत दिसतं, ब्रिटिशांत बूस्टच्या (सामान्य हवेच्या दाबावरच्या जादा दाबाच्या) पौंडांत आणि जर्मनांत 'एटीए' या दाबाच्या एककात. आयएल-2 मधलं पी-40 हे अमेरिकन लढाऊ विमान घ्या. त्याच्या अ‍ॅलिसन इंजिनाला बूस्ट आपोआप आवरणारी यंत्रणा नाही. पाच हजार मीटरवर थ्रॉटल पूर्ण उघडा, हवा विरळ असल्यामुळे काटा शांत असतो. मग खाली कोणीतरी दिसतं, तुम्ही नाक खाली घालता, थ्रॉटलला हातही लावत नाही. हवा दाट होत जाते, काटा चढत राहतो आणि हजार मीटरवर पोचेपर्यंत मर्यादा कधीच मागे पडलेली असते. नेम धरेपर्यंत इंजिन गेलेलं असतं. या विमानात डाइव्ह मारताना थ्रॉटल टप्प्याटप्प्याने मागे घ्यायलाच हवा.

उलट जर्मन बीएफ-109 मध्ये हे काम यंत्रणा करते, पण तिथे वेगळा सापळा आहे. थ्रॉटल टोकाला नेला की थेट आणीबाणीची ताकद सुरू होते आणि सिमचं घड्याळ चालू होतं. टेकऑफला सवयीने दांडी टोकाला लावून ठेवणारे ही मिनिटं धावपट्टीजवळच उधळतात. तुमच्या टेबलावरच्या थ्रॉटलचा पोटेन्शिओमीटर (दांडीची जागा मोजणारा भाग) जुना असेल तर टोकाला आकडा थरथरतो आणि हाच मोड नकळत चालू-बंद होत राहतो. अ‍ॅक्सिसच्या सेटिंगमध्ये टोकाला थोडा डेडझोन (हालचाल मोजलीच जात नाही असा पट्टा) द्या.

आता क्रम. ताकद वाढवताना आधी आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), मग थ्रॉटल. कमी करताना आधी थ्रॉटल, मग आरपीएम. क्रम उलटला तर कमी आरपीएमवर जास्त दाब पडतो, सिलिंडरमधलं मिश्रण नीट जळण्याऐवजी स्फोटासारखं पेटतं आणि पिस्टन मार खातात. जोडीचे आकडे पाठच करा. पी-51 डी मस्टँगमध्ये सतत चालवायला 46 इंच आणि 2700 आरपीएम, लढाईत 61 इंच आणि 3000, तेही 15 मिनिटं. मर्लिन 66 इंजिन बसवलेल्या ब्रिटिश स्पिटफायर मार्क 9 ला सतत +7 पौंड आणि 2650, चढताना +12 आणि 2850 तासभर, आणि +18 ला 3000 फक्त 5 मिनिटं. पी-47 मध्ये टर्बोची (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राची) आणखी एक दांडी असते: वाढवताना ती सर्वात शेवटी, कमी करताना सर्वात आधी.

तापमानाचं गणित बरेचजण चुकतात, कारण मिनिटं मोजली म्हणजे झालं असं त्यांना वाटतं. आयएल-2 मध्ये मिनिटांना खरंच किंमत आहे. डीसीएसमध्ये मात्र इंजिन किती तापलं यावर बरंच ठरतं. मस्टँग पूर्ण ताकदीवर नाक वर करून, वेग हरवत, शत्रूच्या मागे लटकवलंत तर रेडिएटरमधून हवाच जात नाही. कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) 121 अंश सेल्सिअसची लाल रेघ ओलांडतो आणि मग मिनिटांचा हिशेब कामाला येत नाही. चढायचं तर ताशी 170 मैलांच्या आसपास वेग ठेवून चढा.

रेडिएटर हाताने चालवायचा असेल, तर प्रवासात उघडा ठेवून इंजिन गार करून घ्या आणि झडप घालताना थोडा मिटवा. सतत सताड उघडा ठेवलात तर वेग जातो. आणि आधी बघा तापलंय काय: तेल तापलंय आणि तुम्ही पाण्याचा रेडिएटर उघडताय, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. सोव्हिएत याक विमानांत दोन्हींची बटणं वेगळी असतात.

शेपटीतून काळा धूर निघतोय? गोळी शोधण्याआधी मिक्श्चर (हवा-इंधनाचं मिश्रण) बघा. उंचीवर ते रिच (इंधन जास्त) राहिलं की असाच धूर येतो. धूर थांबेपर्यंत लीन (इंधन कमी) करा. नाक खाली घालायला स्टिक पुढे ढकलल्यावर स्पिटफायर मार्क 5 चं इंजिन गुदमरत असेल, तर तेही बिघडलेलं नाही. त्याच्या मर्लिन इंजिनाचा फ्लोट कार्ब्युरेटर (इंधन मिसळणारा भाग) निगेटिव्ह जी, म्हणजे सगळं वर उचललं जाणारी स्थिती, सहन करत नसे. 1941 मध्ये बीट्रिस शिलिंग या इंजिनिअरने बसवलेल्या छोट्या चकतीमुळे हा त्रास कमी झाला, पूर्ण गेला नाही. जर्मन इंजिनांत थेट इंधन फवारणी असल्यामुळे 109 सरळ नाक खाली घालून पळतं. त्याच्यामागे जाताना आधी विमान उलटं करा, मग ओढा.

एमई-262 या जर्मन जेट विमानवाल्यांसाठी एकच: 6000 आरपीएमच्या खाली थ्रॉटल अगदी हळू हलवा, नाहीतर यूमो इंजिन विझेल किंवा पेटेल.

आणि खडखड सुरू झालीच, तर थ्रॉटल आधी मागे, आरपीएम त्यानंतर, रेडिएटर पूर्ण उघडा, नाक किंचित खाली. अर्ध्या ताकदीवर दुखावलेलं इंजिनसुद्धा बऱ्याचदा तळापर्यंत नेतं. चाकं मात्र धावपट्टी नक्की गाठता येईल असं दिसल्यावरच काढा.