पदवी आणि मानद पदवी: सीमाभागात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील विद्यार्थी शिकतो कर्नाटकात आणि पुढील शिक्षणासाठी वा नोकरीसाठी अनेकदा महाराष्ट्रात जातो. त्यामुळे पदवीच्या कागदांतील साधी चूकही दोन राज्यांच्या कार्यालयांत हेलपाटे घालायला लावते.

पहिली चूक म्हणजे पदवी देणारे विद्यापीठ कोणते, हे महाविद्यालयाच्या आजच्या संलग्नतेवरून ठरवणे. पदवी महाविद्यालय देत नाही, विद्यापीठ देते; आणि आपल्याकडे महाविद्यालये जागेवरच राहिली, विद्यापीठे मात्र बदलत गेली. बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 साली स्थापन झाले. त्यापूर्वी बी.ए. किंवा बी.कॉम. झालेल्यांची नोंद धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे असते, आणि दुय्यम प्रत किंवा पडताळणी हवी असल्यास तिथेच अर्ज करावा लागतो. 1998 मध्ये विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ होण्यापूर्वी अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्यांचेही तेच. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे पदवीधर तर बॅचनुसार धारवाडचे विद्यापीठ, बेंगळुरूचे राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठ आणि केएलई या शिक्षणसंस्थेचे अभिमत (विद्यापीठाचा दर्जा मिळालेले) विद्यापीठ अशा तीन ठिकाणी विभागलेले आहेत. अर्ज करण्यापूर्वी गुणपत्रिकेच्या शिरोभागी छापलेले नाव वाचावे, एवढे पुरे.

दुसरी चूक नावाची. पदवी प्रमाणपत्रावर नाव कन्नड आणि इंग्रजीत येते, आणि त्यासाठी आधार धरला जातो तो दहावीच्या गुणपत्रिकेचा. मराठी कुटुंबातील ‘यल्लाप्पा’ एका कागदावर ‘येल्लाप्पा’ होतो. वडिलांचे नाव कुठे पूर्ण, तर कुठे केवळ आद्याक्षर असते. आडनाव कधी आधी, कधी शेवटी येते. शेवटच्या सत्राचा परीक्षा अर्ज भरताना हे तपासले नाही, तर पदवी छापून आल्यावर शपथपत्र, दुरुस्ती शुल्क आणि दीर्घ प्रतीक्षा ओघाने येतेच. कन्नड वाचता येत नसल्यास ते वाचणाऱ्या माणसाकडून अक्षर न् अक्षर तपासून घ्यावे. ‘इंग्रजी बरोबर आहे ना, मग झाले’ हा निष्काळजीपणा बराच महागात पडतो.

उत्तीर्ण होणे म्हणजे पदवी मिळणे, हा समजही चुकीचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2008 च्या नियमांनुसार विद्यार्थी पात्र होण्याच्या अपेक्षित तारखेपासून 180 दिवसांत पदवी दिली गेली पाहिजे. तथापि घटिकोत्सवाची, म्हणजेच पदवीदान समारंभाची सूचना निघाल्यावर मुदतीत अर्ज करणे आणि शुल्क भरणे ही जबाबदारी बहुधा विद्यार्थ्यावरच असते. समारंभाला जाता येणार नसल्यास गैरहजेरीत पदवी मिळण्याची सोय असते, पण तीही अर्ज केल्यावर. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्याने प्रोव्हिजनल म्हणजे पदवीच्या तात्पुरत्या प्रमाणपत्राबरोबर मायग्रेशन म्हणजे विद्यापीठ बदलण्यासाठी लागणारे प्रमाणपत्रही वेळेत काढावे. पुष्कळांना त्याची आठवण पात्रता अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात होते.

आता मानद पदवीविषयी, कारण येथे गोंधळ सर्वाधिक आहे. गावोगावच्या शुभेच्छाफलकांवर ‘डॉ.’ लावलेली इतकी नावे दिसतात, की त्यांतील वैद्य किती, संशोधक किती आणि सभागृह भाड्याने घेऊन झालेल्या सोहळ्यातून परतलेले किती, हे सांगणे कठीण व्हावे. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, 1956 च्या कलम 22 नुसार पदवी देण्याचा अधिकार केंद्र वा राज्य कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. सोसायटी, ट्रस्ट किंवा कंपनी म्हणून नोंदणी झाली म्हणून हा अधिकार येत नाही, मग नावात ‘इंटरनॅशनल’ असो वा ‘ग्लोबल’. या कलमाच्या भंगासाठी कायद्यात दंड आहे तो जास्तीत जास्त 1000 रुपयांचा. असल्या सोहळ्यांचे पीक का फोफावते, याचे निम्मे उत्तर मला या आकड्यातच दिसते.

राज्य विद्यापीठाची खरी मानद पदवी सिंडिकेटच्या, म्हणजे विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळाच्या ठरावातून आणि कुलपती असलेल्या राज्यपालांच्या मान्यतेतून जाते. तिच्यासाठी मानकऱ्याने अर्ज करायचा नसतो आणि पैसे तर मुळीच भरायचे नसतात. ‘नोंदणी शुल्क’, ‘गाऊनचा खर्च’ असा शब्द निघाला, की तिथेच थांबावे. मिळालेली मानद डॉक्टरेट अस्सल असली, तरी ती पीएच.डी. नव्हे, प्राध्यापकपदाच्या अर्जात ती अर्हता म्हणून चालत नाही, आणि नावाआधी ‘डॉ.’ न लावण्याचा संकेत आहे. पद्म पुरस्कारांच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच, ते नावाच्या मागेपुढे लावता येणार नाहीत, असे स्पष्ट केले आहे.

शंका आल्यास आयोगाच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त आणि बनावट अशा दोन्ही याद्या पाहाव्यात. बनावट विद्यापीठांच्या यादीत अनेक वर्षे आपल्याच जिल्ह्यातील गोकाकचा पत्ता झळकत होता, तेव्हा फसवणूक दूरच्या शहरातूनच येते असे मानण्याचे कारण नाही. अशी पदवी आधीच स्वीकारली असल्यास ती लेटरहेडवरून, निवडणुकीच्या शपथपत्रातून आणि संस्थेच्या कार्यकारिणीच्या यादीतून काढून टाकावी. शैक्षणिक अर्हतेच्या रकान्यात ती लिहिली गेली असेल, तर दुरुस्तीचे पत्र स्वतःहून द्यावे आणि त्याची पोच जपून ठेवावी.