काजूच्या बागेतून घरी येताना गोचीड घरात आणू नका

सिंधुदुर्गातल्या बांद्याच्या बाजूला, डोंगराच्या उतारावर आमची काजूची बाग आहे. २०१७ च्या मार्चमध्ये माझे मोठे दीर बागेतून आले आणि "टकला फुटता माझा" (डोकं फुटतंय) म्हणत पडवीतच आडवे झाले. थंडी वाजून ताप, डोळे लालबुंद, पाठ आणि पोटऱ्या अशा दुखत होत्या की कूस बदलता येईना. पहिल्या दवाखान्यात मलेरियाच्या गोळ्या मिळाल्या. बागेच्या वरच्या अंगाला दोन माकडं मरून पडली होती, ते आम्ही सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. चार दिवस त्यात गेले. तो माकडताप होता. तेव्हापासून बागेत जाणाऱ्या प्रत्येकाला मी जे सांगते ते इथे लिहिते. एप्रिल-मेमध्ये बिया वेचायला येणाऱ्या चाकरमान्यांनी तर वाचावंच.

नाव माकडताप असलं तरी माणसाला तो देते गोचीड. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली आणि आसपासची माणसंही तापाने फणफणली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने हा विषाणू शोधला. पुढे तो सह्याद्रीच्या कडेने सरकत २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये आमच्या दोडामार्गात दिसला. माकड या विषाणूने मरतं, त्याचं अंग थंड झालं की अंगावरच्या गोचिडी खाली पातेऱ्यात, म्हणजे सुक्या पाल्यात, उतरतात. मग त्या जागेवरून जो जाईल त्याला चिकटतात. माणसाला जास्त करून चावतात ती गोचिडीची पिल्लं. खसखशीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, तीळ पडल्यासारखी दिसतात आणि चावलेलं कळतही नाही. डिसेंबर ते मे हा त्यांचा काळ. नेमका काजूचा हंगाम.

बागेत जाताना पूर्ण पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, तोही फिक्या रंगाचा, म्हणजे गोचीड दिसते. पँटचे पाय मोज्यात खोचा. साडी नेसून वेचणाऱ्या बायकांनी आत लेगिंग घालून ती मोज्यात खोचावी. उकडतं, पण सवय होते. आरोग्य केंद्रातून अंगाला लावायचं तेल मिळालं तर निघण्याआधी हातापायांना लावा, आणि घामाने ते उतरतं म्हणून दुपारी पुन्हा लावा. दुपारी जेवून झाडाखाली पातेऱ्यावर अंग टाकायची आपली जुनी सवय आहे, ती सोडा. प्लास्टिकचा कागद सोबत ठेवा आणि मोकळ्या कातळावर बसा.

बायकांना वेगळं सांगायचं ते पातेऱ्याच्या भाऱ्याबद्दल. भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, आणि गोठ्यात गुरांखाली पसरायला आपण ऐन याच दिवसांत जंगलातून पातेरा डोक्यावरून आणतो. म्हणजे गोचिडी केसांत आणि मानेवर स्वतःच्या हाताने आणल्यासारखंच. मी गोठ्यात आता भाताचा पेंढा घालते. जिथे माकड मेलेलं कळलंय तिथला पातेरा तर भाजावळीलाही नको.

घरी आल्यावरचा पहिला अर्धा तास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बियांच्या पिशव्या खळ्यातच ठेवायच्या. कपडे न्हाणीच्या दाराशी उतरवून थेट कढत पाण्यात. आमच्याकडे भाण्यात पाणी उकळत असतंच, ते बादलीत ओतलेलं असतं. मग साबण लावून घासून आंघोळ, आणि उजेडात सगळं अंग तपासणं: गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, बेंबीत, कानामागे, नाडी किंवा इलॅस्टिक रुततं तिथे. पाठ आणि केस दुसऱ्याकडून बघून घ्या. मी आणि माझी जाऊ रोज एकमेकींचे केस विंचरून बघतो.

चिकटलेली सापडली तर रॉकेल, चुना, तंबाखू, पेटती काडी यातलं काही नको. बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढा, मग जागा साबणाने धुवा. नखाने चिरडू नका. गुरांच्या गोचिडींनाही हेच लागू. त्यांच्यासाठी पशुवैद्यकाकडून औषध घ्या.

मेलेलं माकड दिसलं, मग ते केलडं (लाल तोंडाचं माकड) असो की वानर, तर जवळ जाऊ नका आणि मुलांना व कुत्र्यांना लांब ठेवा. मारुतीरायाचं रूप म्हणून हार घालून, हाताने उचलून पुरायची आपली रीत आहे. तो भाव माझ्याही मनात आहे. मी लांबूनच हात जोडते आणि ग्रामपंचायत, वनखातं, आरोग्य केंद्र यांना फोन करते. ते तपासणीसाठी नमुना घेतात, माकड जाळतात आणि भोवतीच्या पन्नास फुटांत गोचीडनाशक पावडर मारतात. तो भाग त्या हंगामात सोडा. तिथल्या बिया गेल्या तर जाऊ देत.

चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येतो. एकाएकी, प्रचंड डोकेदुखीसह. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्तही येतं. रक्तातल्या प्लेटलेट पेशी कमी होतात म्हणून डेंगी वाटू शकतो. डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हेच असू द्या: "मी काजूच्या बागेत जातो, आणि तिथे माकड मेलंय." माकड मेलेलं नसलं तरी बागेचं सांगाच. रक्ततपासणी लवकर व्हायला हवी. या विषाणूवर नेमकं औषध नाही. सलाईन, विश्रांती आणि रक्तस्रावावर लक्ष हाच उपचार. तो वेळेवर मिळाला तर बहुतेक जण वाचतात, तरी शंभरातले तीन ते पाच जण दगावतात. अंगदुखीसाठी ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. माणसापासून माणसाला हा ताप होत नाही, तेव्हा आजाऱ्याला वाळीत टाकल्यासारखं एकटं ठेवू नका. आमच्या दिरांना शेजाऱ्यांनी तसं वागवलं, ते त्यांना तापापेक्षा लागलं.

ताप उतरला म्हणून लगेच कोयता हातात घेऊ नका. दहा-वीस टक्के रुग्णांना एक-दोन आठवड्यांनी तो पुन्हा येतो, आणि तेव्हा डोकं, मान, नजर यांवर जातो, हातपाय थरथरतात. दिरांचा दुसरा ताप बाराव्या दिवशी आला. चहाचा कप बशीवर वाजायला लागला तसं मी पुतण्याला गाडी काढायला सांगितली आणि आम्ही सरळ गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो.